देवाची शीग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकायची नाहीत. पुढे बैलांनी बोलणं सोडलं. बाकी सगळं अजून तसंच आहे.

एका राज्यात खैराचं मोठं रान होतं. रानाच्या पुढे खोल दरी, दरीच्या तळाशी नदी, आणि दरीपलीकडे कातभट्ट्या. खैराचं झाड तोडायचं, त्याच्या आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या आणि त्या भट्टीवर हंड्यांतून उकळायच्या, की त्यातून कात निघतो. विडा रंगतो तो याच कातानं. त्या राज्यात राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांची तोंडं लाल असायची, त्यामुळे भट्ट्या विझून चालायचं नाही. ढलप्यांनी भरलेल्या गाड्या रानातून निघायच्या आणि दरीवरच्या लाकडी पुलावरून पलीकडे जायच्या.

दरी काही फार रुंद नव्हती. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरून ओ यायची. खोली मात्र अशी, की खाली पाहिलं तर नदी सुतळीएवढी दिसावी. वळसा घालून जावं तर एका अंगाला सरळसोट कडे आणि दुसऱ्या अंगाला दलदल. नदीला कुठं उतारही नव्हता. म्हणजे जे काही जाणं-येणं, ते त्या एका पुलावरून.

पूल बांधणाऱ्या सुतारानं राजाला सांगितलं होतं, "महाराज, एका वेळी एकच गाडी. आणि गाडीवर वीस मणांपेक्षा जास्त भार नको." राजानं तशी आज्ञा केली आणि शिळेवर कोरून ती शिळा पुलाच्या तोंडाशी उभी केली. आज्ञा करणं सोपं असतं. अख्खी गाडी तोलता येईल एवढा काटा साऱ्या राज्यात नव्हता. मग राजानं पुलावर एक अजमासदार नेमला. नजरेनं भाराचा अजमास घ्यायचा आणि गाडी सोडायची किंवा अडवायची, एवढंच त्याचं काम.

त्या अजमासदाराचं नाव धाकोजी.

धाकोजी आपल्या कामात पक्का होता, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. झाडावरच्या फणसाकडे बघून तो वजन सांगायचा आणि फणस उतरवल्यावर ते तेवढंच भरायचं. गाडी आली की तो आधी चाकांचा चाकोरीत किती ठसा उमटलाय ते बघायचा. मग ढलप्यांत कोपरापर्यंत हात घालायचा, कारण वरच्या ढलप्या उन्हानं वाळलेल्या असतात आणि आतल्या ओल्या. ओली ढलपी वाळलेलीच्या दीडपट भरते. मूठभर काढून वास घ्यायचा, एखादी दाताखाली धरायचा, एक पाटी भरून हातात उचलून बघायचा. गाडीत अशा किती पाट्या मावतात ते त्याला पाठ होतं. मग डोळे मिटून म्हणायचा, "साडेएकोणीस. जाऊ दे." किंवा, "बावीस होतात. दोन मण उतरव." गाडीवान कुरकुरत, पण उतरवत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पक्का माणूस असताना गोष्ट कशाची? तर गोष्ट शिगेची.

त्या मुलखात माप सपाट देणं हा कंजूषपणा समजत. पायलीत धान्य काठोकाठ भरलं, की वर आणखी ओंजळ दोन ओंजळ घालून रास चढवायची. ती रास म्हणजे शीग. आणि शीग कधी मोजायची नाही. काठापर्यंतचं माप देणाऱ्या-घेणाऱ्याचं, वरची शीग देवाची. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत. शीग मोजणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही, असं आया लेकरांना सांगत.

धाकोजी त्याच मातीतला. गाडीच्या दोन्ही बाजूंना बांबूचे तट्टे असत. त्या तट्ट्यांच्या काठापर्यंत काय आहे ते तो गुंजेनं मोजायचा. काठाच्या वर जे असेल, त्याला हात जोडून म्हणायचा, "शीग देवाची." आणि गाडी सोडायचा.

सुरुवातीला शीग होती ओंजळभर. पुढे ती पाटीभर झाली. गाडीवान काही खुळे नव्हते. काठाखाली धाकोजी एक ढलपी जास्त चालू देत नाही, पण काठाच्या वर त्याचे डोळे मिटतात आणि हात जुळतात, हे त्यांना लवकरच समजलं. ढलप्या काही धान्यासारख्या घरंगळत नाहीत. एकीत एक अडकून चांगल्या रचल्या जातात. होता होता शीग देवळाच्या शिखराएवढी झाली, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर घागरभर पाणीही मारू लागले. नाकापेक्षा मोती जड झाला. धाकोजी आपला हात जोडतोच आहे.

एकदा जानबा नावाचा गाडीवान अशीच गाडी घेऊन आला. जानबा मनानं वाईट नव्हता, पण बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. त्याच्या बैलजोडीत एक होता मण्या आणि दुसरा हरण्या. धाकोजीनं काठापर्यंत मोजून वीस मण सांगितले आणि वर बघून हात जोडले.

तेव्हा मण्या बैल मान वळवून म्हणाला, "तात्या, येक विचारू?"

"विचार."

"ही वरची शीग देवाची म्हंता. मग ती वडायला देव का न्हाई जुंपून घेत?"

हरण्यानं फुरफुर करून दुजोरा दिला. धाकोजीला राग आला. "बैलाला काय कळतंय देवाधर्मातलं!" तो म्हणाला.

"खरंय," जानबा हसत म्हणाला. "अन् तात्या, पुलाची काळजी नको. सुतार लोक नेहमी हातचं राखून सांगतात. वीस म्हणला म्हंजे पंचवीस पेलतोय. हाय काय अन् न्हाई काय!"

गाडी पुलावरून गेली. पूल कुरकुरला. मण्या खाली मान घालून चालत राहिला.

हे कुरकुरणं धाकोजीच्या बायकोनंही ऐकलं. तिचं नाव आवडी. त्यांचं घर पुलाच्या तोंडाशीच होतं. आवडी सुईण होती. दरीच्या दोन्ही काठांवरची बहुतेक पोरं तिच्याच हातावर जगात आलेली. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, पूल कण्हतोय."

"लाकूड हाय. कुरकुरायचंच."

"कुरकुरणं येगळं अन् कण्हणं येगळं. कण्हणं मला वळखू येतं, जल्म गेला त्यात. तुमी ती शीग मोजत का न्हाई?"

"शीग मोजायची? आवडे, काय बोलतीस! देवाची असती ती."

आवडीनं भाकरी तव्यावर टाकली. "नवव्या महिन्याची बाई तुमच्या म्होरं उभी केली, तर तुमी मोजाल की ही येकच माणूस. बरोबर हाय. पोटातलं अजून मोजायचं नसतं. पर त्याचं वजं कुठं जात न्हाई. त्या बाईच्या कमरेला इचारा."

 धाकोजीनं भाकरी खाल्ली आणि तो झोपी गेला. माणसाला पटलेली गोष्ट आणि माणसानं केलेली गोष्ट यांच्यात पुष्कळ अंतर असतं.

आवडीच्या तोंडी नवव्या महिन्याची बाई उगाच आली नव्हती. दोघांना एकच लेक. सगुणा तिचं नाव. तिला दरीपलीकडे भट्टीवाल्यांच्या घरी दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत सगळीकडचीच. सासूनं आज पाठवते उद्या पाठवते करत नववा लागेपर्यंत ठेवून घेतलं होतं. अखेर निरोप आला, की अमक्या दिवशी सकाळी गाडी निघते आहे. आवडीनं डिंकाचे लाडू वळले, जुनी मऊ लुगडी धुऊन घड्या करून ठेवल्या. धाकोजीनं पाळण्याला नवी दोरी बांधली. लेकीच्या ओढीनं तो त्या दिवसांत फणससुद्धा चुकीचा सांगायला लागला होता, असं लोक म्हणत.

ठरल्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर सगुणाची गाडी येऊन उभी राहिली. तिनं गाडीतूनच हात हलवला. या काठावर आवडीनं पदर हलवला. पण अलीकडे जानबाची गाडी आधीपासून पुलाच्या तोंडाशी होती, आणि भरल्या गाडीला आधी वाट द्यायची असा तिथला शिरस्ता. तिच्या मागे आणखी दोन-तीन गाड्या खोळंबलेल्या.

धाकोजीनं घाईघाईनं अजमास घेतला. काठापर्यंत वीस मण. वर शीग, सगळ्या शिगांहून उंच. ढलप्या ताज्या तोडलेल्या, पाणी मारलेल्या. त्यानं वर पाहिलं. क्षणभर त्याला आवडीचे शब्द आठवले. हात मारून वरची शीग खाली पाडायला कितीसा वेळ लागला असता! पण पलीकडे लेक थांबली होती. आणि वाडवडिलांची रीत होती. त्यानं हात जोडले.

"शीग देवाची. जानबा, बिगीनं जा बाबा, लेक खोळंबलीय माझी."

"तात्या," मण्या म्हणाला, "आज लई जड हाय."

"चल, चल," धाकोजी म्हणाला.

गाडी पुलावर चढली. मध्यापर्यंत पूल कण्हला. मध्य ओलांडल्यावर तो गप्प झाला, आणि ते गप्प होणंच वाईट होतं. बैलांचे पुढचे पाय पलीकडच्या मातीला टेकले न टेकले तोच मागची तुळई मधोमध मोडली. जानबानं कोयत्यानं जुवाच्या जुपण्या तोडल्या. बैलांनी उडी घेतली, जानबा मण्याच्या शेपटाला लोंबकळून काठावर पडला, आणि गाडी, वीस मण ढलप्या, देवाची शीग आणि निम्मा पूल, सगळं दरीत गेलं. खालून आवाज यायला बराच वेळ लागला.

माणूस वाचला, बैल वाचले. लोकांनी श्वास सोडला. तेवढ्यात पलीकडून सगुणाची किंकाळी आली. भीतीच्या धक्क्यानं तिला कळा सुरू झाल्या होत्या.

पलीकडे भट्टीवरच्या चार बाया होत्या, पण बाळंतपण केलेली त्यांत एकही नाही. सुईण अलीकडे, बाळंतीण पलीकडे, आणि मध्ये दरी. आवडी काठावर जाऊन ओरडून सांगू लागली. "तिला गाडीतनं उतरवा! झोपवू नका, झाडाला धरून उभी करा! पाणी तापवा!" बाया धावपळ करत होत्या. मग एक बाई काठाशी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, पोटाला हात लावला तर बाळाचं डोस्कं वर लागतंय!"

आवडीचा चेहरा उतरला. बाळ उलटं होतं. ते तोंडानं सांगून व्हायचं काम नव्हतं. ती धाकोजीकडे वळली.

"मला पलीकडं पोचवा," ती म्हणाली. "कसंबी करा. मी गेले न्हाई तर आज दोघंबी जात्यात."

धाकोजी तोवर दगडासारखा उभा होता. आता तो हलला. घरामागच्या विहिरीवर मोट होती. तिचा जाड नाडा त्यानं सोडवून आणला. एका गाडीवानानं गोफणीतून सुतळी बांधलेला दगड पलीकडे भिरकावला. सुतळीमागून नाडा गेला. जानबानं तो तिकडच्या अंजनीच्या खोडाला बांधला, इकडे धाकोजीनं वडाला. नाड्याला एक मोठी टोपली टांगली, टोपलीला ओढायला दोन्ही बाजूंनी दोऱ्या. पलीकडच्या दोरीचं टोक मण्या-हरण्याच्या गळ्यात, अलीकडचं गाडीवानांच्या हातात.

आणि मग धाकोजीला आपलं काम करावं लागलं. सगळ्यात अवघड अजमास.

नाडा रोज भरलेली मोट उचलायचा. पण तो उभा. आडवा ताणलेला दोर उभ्याइतकं पेलत नाही. शिवाय जुना, पाण्यानं कुजलेला. धाकोजीनं त्याचा पीळ उलगडून पाहिला, एक धागा ओढून पाहिला, डोळे मिटले. "दीड मण," तो म्हणाला. "त्याच्यावर येक शेर न्हाई."

"दीड म्हणला म्हंजे दोन पेलतोय..." असं काहीतरी मागचा एक गाडीवान बोलायला लागला होता. धाकोजीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं वाक्य घशातच राहिलं.

मग त्यानं बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिचं वजन बोलून दाखवायची त्याची छाती झाली नव्हती. आता त्यानं तिला नखशिखान्त पाहिलं, जशी गाडी पाहतात. "टोपलीसकट दीड मणाला चार शेर कमी," तो म्हणाला. "अन् हे काय हाय काखेत?"

"लाडू," आवडी म्हणाली. "बाळंतिणीला नगंत?"

"किती?"

"आसंल की पाच शेर. तेवढ्यानं काय हुतंय?"

 मागच्या गाडीतल्या ढलप्या धाकोजीनं टोपलीत भरायला लावल्या. काठापर्यंत भरल्या, ते आवडीचं वजन. सवयीनं गाडीवानानं वर शीग चढवली, ती लाडवांएवढी. "जाऊ दे," धाकोजी म्हणाला. बैलांनी ओढलं. टोपली दरीच्या मध्यावर गेली आणि वडाला बांधलेली गाठ करकरून वीतभर सरकली.  टोपली मागे ओढून आणली.

धाकोजीनं गाठ पुन्हा आवळली. मग तो टोपलीपाशी गेला. हात वर केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काठावरून आडवा हात फिरवून शीग खाली पाडली.  टोपली पुन्हा सोडली. मध्यावर गेली, पलीकडे टेकली, परत आली. गाठ जागची हलली नाही.

"लाडू ठेव," तो म्हणाला. "पायातलं वाळं काढ. कमरेचा पट्टा काढ. पानाची चंचीबी."

"चंचीत काय वजन हाय?"

"हाय. सगळ्याला वजन हाय, आवडे. तू मला भाकरी थापताना सांगितलंवतंस, तवा मी ऐकलं न्हाई." त्यानं टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली. "बस आता. खाली बघू नगंस."

आवडीनं वाळे काढले, पट्टा काढला, चंची त्याच्या हातावर ठेवली आणि टोपलीत बसली. बैलांनी ओढायला सुरुवात केली. दोर खाली झोल खाऊन पुन्हा वर आला. धाकोजी वडाच्या गाठीवर दोन्ही हात दाबून उभा होता, जणू त्याच्या हातांनीच ती थांबणार होती. पलीकडे मण्या हळूच हरण्याला म्हणाला, "आज वजं सांगितल्याएवढंच हाय बघ." हरण्या म्हणाला, "म्हणून तर वडावंसं वाटतंय."

टोपली काठाला लागली. आवडीनं लुगड्याचा काच्या मारला आणि लेकीकडे पळाली.

धाकोजीनं मग स्वतःकडे पाहिलं. दोन मण. त्याला अजमास घ्यायचीही गरज नव्हती. त्या दोरावरून तो जाऊ शकत नव्हता. तो शिळेला टेकून काठावरच बसला, राजाच्या आज्ञेच्या शिळेला. पलीकडे बायांनी आडोशाला लुगडी धरली होती. त्यांच्यामागून सगुणाचा आवाज येत होता, मध्येच आवडीचा. कधी दोन्ही आवाज थांबत. ते थांबले की धाकोजीचा श्वासही थांबे. शीग हातानं पाडायला लागला असता तेवढासा वेळ त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिला. सूर्य कलला, आणि मग एक बारीक, चिडका, नवा आवाज दरी ओलांडून आला.

आवडी काठावर आली. "नात झाली!" ती ओरडली. "सगुणाबी बरी हाय!"

धाकोजी धडपडत उठला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. जन्माची सवय, ती तोंडातून निघालीच. "वजन किती हाय?"

"येऊन उचलून बघा!" आवडी म्हणाली.

ते मात्र त्याच्या नशिबी लगेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजाची माणसं आली. धाकोजीनं काही लपवलं नाही. "काठापर्यंतचं मी बरोबर मोजलं," तो म्हणाला. "वरचं मोजलंच न्हाई." राजानं न्याय केला, की नवा पूल होईपर्यंत धाकोजीनं अजमासदाराचं काम करायचं नाही. रानातून पुलासाठी येणाऱ्या तुळया त्यानं गाडीवानांच्या बरोबरीनं खांद्यावर वाहायच्या. शिक्षा काही फार जड नव्हती. तुळई मात्र जड होती, आणि खांद्याला ती टोकापासून टोकापर्यंत सगळी लागत होती. त्यातला कुठला भाग देवाचा, असं खांदा विचारत नव्हता.

पहिला पूल बांधणारा सुतार आता म्हातारा झाला होता. तोच नवा पूल बांधायला आला. गाडीवानांनी त्याला विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुमी वीस सांगितलंत, पर हातचं राखून सांगितलं व्हतं ना?"

"राखलं व्हतं की," सुतार म्हणाला. "पुलाच्या म्हातारपणासाठी राखलं व्हतं. तुमी ते त्याच्या तरुणपणीच खाल्लंत."

तो हिवाळा असा गेला. आवडी पलीकडे लेकीपाशी राहिली, धाकोजी अलीकडे एकटा हात भाजून भाकऱ्या करत राहिला. लाडवांचं गाठोडं मात्र दुसऱ्याच दिवशी टोपलीतून एकटं पलीकडे गेलं. रोज सकाळी सगुणा तान्ह्या पोरीला काठावर आणून उंच धरायची. रोज धाकोजी इकडून डोळे बारीक करून बघायचा आणि अजमास घ्यायचा. "आज चार शेर झाली." काही दिवसांनी, "पाच झाली." जगातला सगळ्यात पक्का अजमासदार, आणि नातीचं वजन त्याला दरीपलीकडून नुसतं बघून सांगावं लागत होतं. हात रिकामे ते रिकामेच.

होळीच्या सुमाराला पूल पुरा झाला. सुतारानं धाकोजीला पुढे केलं. धाकोजी चालत पलीकडे गेला. सगुणानं पोर त्याच्या हातात दिली. पोरीनं त्याची मिशी धरली. तो तिला धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत राहिलं.

"काय हो?" आवडीनं विचारलं. "अजमास बरोबर आला का?"

"चुकला," धाकोजी म्हणाला. "सा शेर धरली व्हती. लई जास्त भरली."

"आसं कसं?"

"तिकडनं शीग दिसत न्हवती," तो म्हणाला.

राजानं त्याला पुन्हा कामावर घेतलं. पहिलीच गाडी जानबाची आली. काठापर्यंत वीस मण, आणि वर, जित्याची खोड, एक लहानशी शीग. जानबानं आपणच हात जोडले. "शीग देवाची, तात्या."

"व्हय तर," धाकोजी म्हणाला. "देवाचीच." त्यानं एक लांब फळी उचलली, तट्ट्याच्या या काठावरून त्या काठापर्यंत फिरवली, आणि सगळी शीग शिळेपाशी खाली पाडली. "मग देवाची वस्तू देवाला हितंच ठिवून जा. पलीकडं कशाला न्यायची?"

जानबा तोंड उघडून बघत राहिला. मण्या बैल मोठ्यानं हसला. बैल हसल्याची ती पहिलीच वेळ म्हणतात.

तेव्हापासून त्या पुलाची रीतच पडली. भरलेली गाडी आली, की फळी फिरायची आणि शीग अलीकडे राहायची. शिळेपाशी ढलप्यांचा ढीग साठायचा. दोन्ही काठांवर जिच्या घरी बाळंतपण असेल, तिनं त्यातल्या हव्या तेवढ्या न्याव्यात आणि बाळंतिणीचं पाणी तापवावं. देवाची शीग देवाच्या कामाला लागली, असं आवडी म्हणायची. आणि पूल धाकोजीच्या नातीची नात होईपर्यंत उभा राहिला.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही एवढं लक्षात ठेवावं: आपण मोजायचं सोडलं, म्हणून ओझ्याचं वजन सुटत नाही.